आक्काच्या तीन उशा

सुनेला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी, त्या दोघी नुकत्या माना धरायला लागल्या होत्या तेव्हा, मला दुकानात बसल्या बसल्या एक शिंक आली आणि पाठीत काहीतरी झालं. शिंक साधीच होती. धुलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, मी एका लोकरी कोटाच्या बाहीवर वाकले होते. कोपराशी कसरीनं खाल्लेलं भोक होतं. रफूचा दोरा बाहेरून आणत नाहीत, त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढतात, म्हणजे रंगात फरक पडत नाही. तो दोरा सुईत होता, सुई चिमटीत होती आणि चिमूट माझी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, एकदा सुटलं की पुन्हा धरायला वेळ लागतो. म्हणून मी शिंक दाबली. दाबलेली शिंक मागे गेली आणि खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध जाऊन बसली. कुणीतरी आतून खिळा ठोकावा तसं झालं. मी श्वास अर्धाच घेतला आणि तसाच धरून ठेवला. समोर इस्त्रीची वाफ चालली होती, मालकीण गिऱ्हाइकाशी पडद्यांच्या आकसण्यावरून वाद घालत होती, आणि माझ्या मनात एकच वाक्य आलं, तेही माझ्या आवाजात नाही, माझ्या थोरल्या बहिणीच्या आवाजात. अगं, पाठीत काहीतरी रुतलंय बघ.

मालकीण म्हणाली, उसण भरली, पंख्याखाली बसू नको म्हणून सांगते तर ऐकत नाहीस. मी हो म्हटलं. उसण असती तर किती बरं झालं असतं. पण माझं शरीर काही सरळ वागणाऱ्यांतलं नाही. मला आमवात आहे. सकाळी उठल्यावर बोटं अशी असतात, की रात्रीतून कुणीतरी ती शिवून टाकली असावीत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा समजावून सांगितलं होतं की शरीरात राखणीला जे असतं तेच घरच्या माणसांवर उलटतं, सांध्यांना परकं समजतं. मी म्हटलं, म्हणजे कुंपणानंच शेत खायचं. त्या हसल्या, म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार. आक्कालाही हेच होतं. पण आक्काच्या वेळी एवढं सांगणारं कुणी भेटलं नाही. तिच्या बोटांना आम्ही तेल लावायचो, गुडघ्यांना शेक द्यायचो, आणि शेवटच्या वर्षी जेव्हा ती म्हणाली की पाठीत रुतलंय, तेव्हा पाठीलाही तेलच लावलं. मीच लावायचे. तिच्या पाठीची कातडी अजून माझ्या तळव्याला आठवते, दोन फऱ्यांच्या मधली ती खोलगट जागा, तिथं हात नेला की ती म्हणायची, तिथंच, पण अजून आत. अजून आत माझा हात कसा पोचणार होता? पुढं तिला आडवं झालं की धाप लागायला लागली. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. तीन उशांवर ती अर्धवट बसून झोपायची. दिवसा टेबलावर हाताची घडी घालायची, तिच्यावर कपाळ टेकायची, असं वाकलं की जरा बरं वाटतं म्हणायची. आम्हाला वाटायचं, थकली.

ती गेली ती दुपारी. भावजी, म्हणजे आक्काचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचे. त्या दिवशी घरी होते. मधली उशी घामानं ओली झाली होती. त्यांनी ती हळूच काढून घेतली, दोन उशांवर तिचं डोकं नीट ठेवलं, आणि उशी उन्हात टाकायला गॅलरीत गेले. कठड्यावर उशी पसरली, दोन्ही अंगांनी झटकली, आत आले तेवढ्यात आक्का संपली होती. आई तेव्हा हयात होती. ती आली, बिछान्याकडे पाहिलं, दोन उशा मोजल्या, मग गॅलरीत वाळत पडलेली तिसरी पाहिली आणि जावयाकडे न बघता म्हणाली, "उशी काढली म्हणून गेली." एवढंच. रडारडीत आणखी खूप बोललं गेलं, ते सगळं विरून गेलं, हे राहिलं. आईनं ते पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्याची गरजच नव्हती. ती स्वतः त्या दिवसापासून उंच उशीवर झोपायला लागली, आम्हालाही सपाट झोपू देईना. दुपारी लवंडलं तरी येऊन मानेखाली काहीतरी सारायची, चादरीची घडी, सोफ्यावरची गादी, एकदा तर गव्हाच्या पिठाची रिकामी गोणी. आमच्या घरात लोक दारं लावतात, गॅस बंद करतात, तशी उशी बघायची. हसू येतं खरं. पण भावजी समोर असले की कुणी हसत नसे.

मला आमवात निघाला तेव्हा मी भावजींना मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांना कळलंच. एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले, काखेत मोठं गाठोडं. आत तीन उशा. नवा कापूस भरलेल्या, नव्या खोळी घातलेल्या, पण मी मापावरून ओळखलं, त्या तिच्याच. म्हणाले, "धाकटे, ह्या घे. तिन्ही घे." मला ते धाकटीच म्हणत, माझं लग्न झालं, मुलगा झाला, मी विधवा झाले, सासू झाले, तरी धाकटी. त्यांना नाही म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्याकडून मी आधी एक फार मोठी गोष्ट घेतलेली होती. पन्नाशी उलटेपर्यंत मला वाचता येत नव्हतं. डोळे तपासायला त्यांच्या दुकानात गेले तर भिंतीवर अक्षरांची पाटी, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. वाचा म्हणाले. मी पाटीऐवजी चपलांकडे पाहिलं. त्यांनी दुकानात दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं आणि काही न विचारता छडीनं सगळ्यांत वरचं अक्षर दाखवून त्याचा उच्चार केला. पुढच्या आठवड्यात त्याच्या खालची ओळ. आक्का गेल्यानंतरच्या त्या वर्षात दोघांनाही कुठंतरी बसायला जागा हवी होती, ती ही. बाकीचे लोक शिकतात तसं मी नाही शिकले. मी मोठ्यापासून बारकाकडे उतरत गेले. त्यामुळे आजही बारीक अक्षर वाचायला लागलं की मला उगाच वाटतं, आपण जिना उतरून फार खाली आलो आहोत. तेव्हा त्या माणसानं दिलेल्या उशा. मी तिन्ही घेतल्या. त्या दिवसापासून रोज तिन्हींवर झोपले.

शिंकेचं मी घरी सांगितलं नाही. पाठ मात्र सांगत होती. जुळ्यांपैकी एकीला उचलताना मी तोंड वाकडं करायचे, ते सुनेनं पाहिलं. तिला वाटलं, मुलींच्या वजनानं झालं. मग ती मला मुलींना हात लावू देईना, आणि मला कळेना की दुखतं जास्त कशानं, पाठीनं की ह्यानं. सकाळी पहिल्या तासाला सगळ्यांत जास्त दुखायचं. उठून बसताना मान आणि पाठ मिळून एकच फळी झालेली असायची. दुपारपर्यंत फळीची पाठ व्हायची. संध्याकाळी मी पुन्हा तीन उशांकडे बघायचे आणि वाटायचं, बरं आहे, ह्या तरी आहेत, धाप लागायला लागली तर तयारी असू दे. दिवसातून कितीतरी वेळा मी खोल श्वास घेऊन बघायचे, रुततंय का, कुठे रुततंय. खोल श्वास घेतला की थोडं रुतायचंच. दुकानात जिना चढताना मोजून श्वास टाकायचे. त्यामुळे खरोखरच दम लागायचा. माणूस एकदा आपल्या छातीला कान लावून बसला की त्याला काय काय ऐकू येतं. शेवटी सुनेनं मला विचारलं नाही, थेट नंबर लावला. रिक्षात बसल्यावर सांगितलं, "आई, कुठं चाललोय ते विचारू नका. चप्पल चांगली घातलीय ना, मग झालं." शेजारीण मुलींपाशी बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ घेतला. ह्या आजारात पाठीच्या वरच्या भागात दुखलं की पुष्कळ दरवाजे ठोठावावे लागतात, म्हणाल्या. आणि खरंच त्या ठोठावतच गेल्या. मानेपासून खाली एकेक मणका बोटाच्या पेरानं ठोकून पाहिला, कुठं जीव जातोय का. इतकी वर्षं ती पांढरी स्टेरॉइडची गोळी घेतल्यावर हाडं ठिसूळ होतात, मग शिंकेनंही एखादा मणका दबू शकतो. एकही मणका ओरडला नाही. मग पदर बाजूला करायला सांगून कातडी नीट पाहिली. ह्या आजारावरच्या गोळ्यांनी अंगातला पहारा मंदावतो, मग नागीण उठायच्या आधी नुसतं दुखत राहतं, फोड मागून येतात. फोड नव्हते. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, हातांत मुंग्या येतात का विचारलं, कारण हा आजार मानेच्या सांध्यांतही शिरतो आणि दुखतं मात्र खाली, पाठीत. मुंग्या नव्हत्या. मला प्रत्येक नाहीबरोबर एकेक दार बंद झाल्यासारखं वाटत होतं आणि उरलेलं दार कुठलं ते मला माहीत होतं. मग त्यांनी नळी कानाला लावली, पाठीवर इकडेतिकडे टेकवली, आणि सहज विचारलं, "आजी, रात्री उशा किती घेता?"

मी म्हटलं, तीन.

त्यांचा हात थांबला. कधीपासून, म्हणाल्या. मी म्हटलं, बरीच वर्षं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेनं माझ्याकडे. मग आवाज तोच ठेवून, पण घाईनं, त्यांनी छातीचा फोटो सांगितला, हृदयाची सोनोग्राफी सांगितली, रक्त सांगितलं, आणि आजच करा, म्हणाल्या. ह्या आजारात कधीकधी फुप्फुसाच्या आवरणाला सूज येते, कधी हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचतं, ते पाठीत दुखतं, आडवं झालं की त्रास होतो, माणसं उशा वाढवत जातात. त्या आक्काबद्दल बोलत होत्या. त्यांना आक्का माहीत नव्हती आणि त्या अक्षरन् अक्षर आक्काबद्दल बोलत होत्या. मला भीती वाटायला हवी होती. पण आधी वाटलं ते वेगळंच, की इतकी वर्षं ज्याला आम्ही पाठीत रुतलंय म्हणत होतो त्याला नाव होतं. तेल लावून पोचण्यासारखी ती जागाच नव्हती. मग भीती आली.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सून शेजारी बसली होती. भिंतीला कमरेपर्यंत निळा रंग आणि वर पांढरा. मी विचार केला की मुलींची नावं अजून ठरायची आहेत, ती ठरेपर्यंत तरी. मग वाटलं, आपण असा सौदा कोणाशी करतोय. पाठ धरल्यापासून ती कोटाची बाही अर्धवटच राहिली होती, शिवणीतून काढलेला दोरा तसाच सुईत लोंबत असणार, मालकिणीनं तो ओढला नाही म्हणजे मिळवली. सुनेनं माझा हात हातात घेतला होता आणि बोटं दाबायची नाहीत हे लक्षात ठेवून नुसता तळवा धरला होता. आत गेले, डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर गार चिकट काहीतरी लावलं. मशीनवाल्या बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मध्येच जांभई दिली. जिथं काही भयंकर दिसतंय तिथं कुणी जांभई देत नाही, असं माझ्या मनात आलं, आणि त्या जांभईवर मी त्यांना मनातून भरभरून आशीर्वाद दिला.

पिशवीत पाणी नव्हतं. फुप्फुस स्वच्छ होतं. हृदय वयाच्या मानानं चांगलं, असं लिहून आलं होतं. मणके शाबूत, हाडं थोडी विरळ, त्याला एक गोळी वाढली. डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. सपाट झोपलं की नक्की काय होतं, म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत नाही. माहीत नाही म्हणजे? मी सपाट झोपतच नाही. कधीच नाही? कधीच नाही, आमच्यात झोपत नाहीत. त्यांनी मला तिथंच तपासणीच्या टेबलावर आडवं केलं, एक पातळ उशी दिली आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या. छताला एक पंखा होता, त्याची तीन पाती मी पाहत राहिले. काही झालं नाही. धाप नाही, गुदमरणं नाही. उलट हळूहळू मानेच्या मागं काहीतरी सैल पडत गेलं, गाठ सुटताना दोरा सरकतो तसं, आणि ते सैलपण फऱ्यांच्या मध्ये उतरलं. मग समोर वाकलं की बरं वाटतं का, विचारलं. मी म्हटलं, वाकलं की वाढतं. हे म्हणताना मला टेबलावर कपाळ टेकलेली आक्का दिसली. तिला वाकलं की बरं वाटायचं. म्हणजे हे तिचं दुखणं नव्हतंच. पहिल्या दिवसापासून नव्हतं.

"आजी, तुमच्या पाठीला आजार नाही झाला, उशा झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवसभर सुईवर मान खाली, रात्रभर तीन उशांवर मान पुढं. ह्या आजारात मानेचे सांधे आधीच नाजूक, त्यांना रात्रभर असं दुमडून ठेवलं, आणि स्नायू बिचारे ओढून धरत राहिले. शिंकेनं फक्त तक्रार नोंदवली. सून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, तीन उशा ऐकून मी घाबरूनच गेले होते हो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीही. मग तिघीही हसलो. बाहेरच्या रांगेतल्या माणसानं दार किलकिलं करून पाहिलं.

निघताना मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. सुनेला म्हटलं, तू पुढं हो. मग मी डॉक्टरीणबाईंना आक्काचं सांगितलं. धाप, टेबल, तीन उशा, ती दुपार, गॅलरीतली उशी. आणि विचारलं, "एक उशी काढल्यानं माणूस जातं का?" त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मगच बोलल्या, त्यामुळे मला उत्तर खरं वाटलं. म्हणाल्या, त्यांना मी तपासलं नाही, त्यांचे कागद पाहिले नाहीत, तेव्हा त्या कशानं गेल्या हे मी सांगू शकत नाही. पण उशीनं आजार थांबत नाही, फक्त श्वास घ्यायला जरा सोपं जातं. उशी कमी पडली तर माणूस कासावीस होतं, उठून बसतं, हाक मारतं. त्यांनी हाक मारली होती का? मी म्हटलं, नाही, भावजी चार पावलांवर होते. "मग उशीला दोष देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि ज्यांनी काढली त्यांनाही."

त्या रात्री मी दोन उशा जमिनीवर ठेवल्या. एकीवर आडवी झाले. आई येऊन मानेखाली काहीतरी सारेल असं वाटत राहिलं, तिच्या बांगड्यांचा आवाज कानात होता. छातीवर हात ठेवून मी वाट पाहिली. पलीकडच्या खोलीत जुळ्यांपैकी एक रडली, मग दुसरी, मग दोघी गप्प झाल्या. वाट पाहता पाहता केव्हा झोप लागली कळलं नाही. सकाळी फळी नव्हती. बोटं होती तशीच शिवलेली होती, पण पाठ माझी होती. दुखणं गेलं नव्हतं, ते जायला पुढं बरेच दिवस लागले, खांद्याचे व्यायाम, गरम पाण्याची पिशवी, दुकानात उंच टेबल. पण ते आता नुसतं दुखणं होतं. त्याच्यामागं कुणी उभं नव्हतं. मी जुळ्यांतल्या एकीला उचललं. सून बघत होती, तिनं या वेळी अडवलं नाही.

उशा परत करायला मी रविवारी गेले. गाठोडं रिक्षात मांडीवर घेतलं होतं. भावजी आता कामावर जात नसत, घरीच खिडकीशी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळून देत. त्यांनी गाठोडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काय झालं, म्हणाले, नको झाल्या? मी त्यांना सगळं सांगितलं, शिंकेपासून जांभईपर्यंत. उशांनीच पाठ धरली हे सांगताना मी जरा चाचरले, कारण त्यांनी मायेनं दिलेली वस्तू. ते म्हणाले, म्हणजे मी तुला आजार आणून दिला की काय. मी म्हटलं, दिलात तर दिलात, अक्षरंही दिलीत, फिटंफाट झाली. ते थोडं हसले. मग मी डॉक्टरीणबाईंनी आक्काबद्दल जे म्हटलं ते सांगितलं, जसंच्या तसं, आपलं काही न घालता. तपासलं नाही तेही सांगितलं. हाक मारली असती तेही.

त्यांनी हातातल्या चष्म्याची काडी उघडली, मिटली. मग म्हणाले, "मी झटकत होतो, धाकटे. उशी. दोन्ही अंगांनी. आवाज झाला असेल. मला कायम वाटायचं, त्या आवाजात तिची हाक गेली असेल." मी म्हटलं, तुम्ही उशी किती वेळ झटकलीत? ते म्हणाले, दोनदा. मी म्हटलं, मग? दोन झटक्यांत कुणाची हाक जाते? आक्काचा आवाज काय होता ते विसरलात का, खालच्या मजल्यावरचा माणूस भाजी घेता घेता वर बघायचा. हे ऐकून भावजी हसले. आधी नाकातून, मग तोंडानं, मग खोकला येईपर्यंत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी पाणी दिलं. ते म्हणाले, खरंय, काय आवाज होता. आणि त्यानंतर आम्ही तासभर आक्काबद्दल बोललो, तिचं दुखणं सोडून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

निघताना ते उठले, गाठोडं सोडलं, तिन्ही उशा गॅलरीत नेऊन कठड्यावर उन्हात टाकल्या. झटकल्या. मी आत उभी राहून तो आवाज ऐकला. मोठा नव्हता. एक उशी त्यांनी ठेवून घेतली, एक मला परत दिली, तिसरीतला कापूस काढून मी जुळ्यांसाठी दोन चिमुकल्या उशा शिवल्या, अगदी पातळ.

आक्का माझ्या मुलाचा कॉलेजचा निकाल लागला त्या आठवड्यात गेली होती. भावजी गेले ते जुळ्या पहिल्यांदा शाळेत गेल्या त्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, दुपारी, जेवून आडवे झाले असताना, झोपेत. डोक्याखाली एक उशी होती. वय एक्याऐंशी.